सुईच्या टोकाएवढं भोक

चष्मेवाला भित्रा आहे, हे आमच्या गल्लीत नव्या भाडेकरूलासुद्धा आठवड्याभरात कळायचं. साधा बल्ब बदलायचा तर तो अख्ख्या घराचा मेन स्विच बंद करायचा आणि बायकोला स्टूल धरायला उभी करायचा. बाहेर पडला की गॅस बंद केलाय का ते पाहायला निम्म्या वाटेतून परत यायचा. कुत्रा अंगावर भुंकला तर हा त्याची माफी मागतो, असं मीच एकदा गमतीने म्हणालो होतो, आणि ते गल्लीभर झालं.

मी ब्रेडची गाडी चालवतो. सकाळची दुकानं करून परतताना त्याच्या दारावरून जातो. त्या रविवारी जे झालं, त्यातलं निम्मं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाकीचं त्याने आणि त्याच्या बायकोने नंतर तुकड्यातुकड्याने सांगितलं.

घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. भिंतीला काचेचं कपाट, त्यात फ्रेमा. कोपऱ्यात काचा घासायचं यंत्र, टेबलावर नखाएवढे स्क्रू, आणि डोळ्याला लावायचं ते छोटं भिंग. आठवड्यातून दोनदा तो आपली जुनी डिझेल व्हॅन घेऊन लांबच्या वस्त्यांवर जायचा. व्हॅनच्या मागच्या दाराला अक्षरांचा तक्ता टांगायचा, लोकांचे डोळे तपासायचा आणि पुढच्या खेपेला तयार चष्मे नेऊन द्यायचा. व्हॅन बावीस वर्षांची. त्या वर्षी ती सकाळी सुरू व्हायलाच मागेना. झालीच तर पांढऱ्या धुराने गल्ली भरून टाकायची आणि डब्यात खडे घालून हलवावेत तशी वाजायची.

"इंजेक्टर गेलेत," ताई खोलीतून न उठताच म्हणाली. "चारही. इंजिनात डिझेल नीट फवारतच नाहीत."

ही ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दोघांत नऊ वर्षांचं अंतर. तो सहा वर्षांचा असताना आई गेली, आणि त्याचं सगळं हिनेच केलं. पुढे ती बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागली. चाळीस पुरुषांत एकटी बाई. तीस वर्षं तिने बसची इंजिनं उघडली आणि मिटली. निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायला आली. गुडघे गेले होते, नजरही पहिल्यासारखी राहिली नव्हती, पण आवाज वर्कशॉपचाच होता. धाकट्याला ती आजही 'सशा' म्हणायची, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. आणि या सशाने पन्नास वर्षांत तिचा एक शब्द खाली पडू दिला नव्हता.

गॅरेजवाल्याने महिनाभर थांबायला सांगितलं. इकडे त्रेचाळीस चष्मे खोक्यात तयार होऊन पडले होते.

"महिनाभर कशाला?" ताई म्हणाली. "मी काय मेले का? आपणच बदलू. हात तुझे, तोंड माझं."

"मला नाही जमायचं, ताई."

"त्या चिमटीत न मावणाऱ्या स्क्रूंशी दिवसभर झटतोस, आणि हे जमायचं नाही? चल, पाने काढ."

त्याने पाने काढले. त्याआधी मात्र व्हॅनबरोबर आलेलं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक ट्रंकेतून काढून दोन रात्री वाचलं. त्यात इंजेक्टरच्या प्रकरणात एक लाल चौकट होती. इंजेक्टरमधून डिझेल एवढ्या दाबाने सुटतं की ते थेट कातडीतून आत शिरतं. तसं झालं, तर दुखत नसलं तरी ताबडतोब सर्जनकडे जा. चष्मेवाल्याने ती चौकट तीनदा वाचली आणि रविवारी सकाळी ताईलाही मोठ्याने वाचून दाखवली.

"पुस्तकं लिहिणाऱ्यांना काय जातंय लिहायला," ताई म्हणाली. "मी तीस वर्षं डिझेलने आंघोळ केली. अजून धडधाकट आहे."

पण त्याने हट्टच धरला म्हणून तिने रबरी हातमोजे चढवले. भावाची समजूत काढायला, एवढंच.

शनिवारी त्यांनी जुने चारही इंजेक्टर बाहेर काढले होते. तीन निमूट निघाले. चौथा जागेवर चिकटून बसला होता. त्याला तेल पाजून दुपारभर ठेवला, तेव्हा कुठे तो करकरत सुटला. चष्मेवाल्याने डिझेलची एकेक नळी पुसली, प्रत्येकीच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं, जुन्या तांब्याच्या चकत्या ओळीने कागदावर मांडल्या आणि कुठली कुठली ते पेन्सिलीने लिहून ठेवलं. ताईने ते पाहिलं आणि काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं म्हणजे शाबासकीच.

नवे इंजेक्टर बसवायच्या आधी ताईला त्यांचा फवारा बघायचा होता. डेपोत ती असंच करायची. इंजेक्टर इंजिनाबाहेरच नळीला जोडायचा, कुणीतरी किल्ली फिरवायची, आणि तोंडातून धुक्यासारखा बारीक फवारा येतो की धार पडते, ते पाहायचं. धार पडली तर माल खराब.

"पुस्तकात हे करू नका म्हणून लिहिलंय," तो म्हणाला.

"पुस्तकाला सांग, मी बघून घेईन. तू किल्लीपाशी बस."

तो किल्लीपाशी बसला. बॉनेट उघडं असल्यामुळे त्याला ताई दिसत नव्हती, फक्त तिचा आवाज ऐकू येत होता. पहिला झाला, दुसरा झाला, तिसराही झाला. "झकास," प्रत्येक वेळी आवाज यायचा. चौथ्याच्या वेळी नळीचा नट थोडा सैल राहिला असावा. ताई ओरडली, "थांब!" त्याने किल्ली सोडली. पण इंजिन एका क्षणात थोडंच थांबतं? अर्धा फेरा त्याने घेतलाच, आणि हातातून निसटणारा इंजेक्टर सावरायला ताईने डावा हात पुढे केला.

"काय झालं?" तो धावत आला.

"काही नाही. मुंगी चावल्यासारखं झालं."

तिने हातमोजा काढला. तर्जनीच्या पेरावर पांढुरका ठिपका होता. रक्ताचा थेंबही नाही. ताईने बोट झटकलं आणि पान्याकडे हात नेला. चष्मेवाल्याने मात्र तो हातमोजा उचलून उजेडाकडे धरला. तर्जनीच्या जागी एक भोक होतं, सुईच्या टोकाएवढं. त्यातून उजेड आरपार येत होता.

त्याची पाचावर धारण बसली. तो आत गेला, भिंग घेऊन आला आणि ताईचं बोट धरून पाहू लागला. ठिपक्याच्या मधोमध तसंच भोक होतं. भोवतीची कातडी मेणासारखी फिकट पडली होती.

"ताई, दवाखान्यात जायचं. आत्ता."

"मुंगी चावली म्हणून?"

"दुखतंय का?"

"अजिबात नाही."

"म्हणूनच जायचं," तो ओरडला.

आवाज ऐकून त्याची बायको बाहेर आली. "काय झालं हो वन्सं?"

"तुझ्या नवऱ्याला झालंय, मला नाही. थोडं कोमट पाणी दे, बोट बुडवते."

"पाणी नको," तो म्हणाला. "काहीच करू नकोस. चल."

"कशाने चलू? गाडीची आतडी तर तू बाहेर काढून ठेवलीस."

नेमका तेव्हाच मी गल्लीत वळलो. चष्मेवाला दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा होता. हाच तो, जो रिकामा रस्ता ओलांडायलाही दोन्हीकडे चारचारदा बघायचा. मी कचकन ब्रेक दाबला. मागे पावांचे ट्रे एकमेकांवर आदळले.

"मरायचंय का?" मी ओरडलो.

"ताईला दवाखान्यात न्यायचंय," तो म्हणाला.  त्याने हातमोजा माझ्यापुढे धरला.

मला काही कळलं नाही. पण त्याचा चेहरा पाहून मी दार उघडलं.

ताई तरीही बसेना. फाटकाला धरून उभी राहिली. म्हणाली, गल्लीत तमाशा करू नकोस, मोठ्यांचं ऐकायची सवय कुठे गेली तुझी. तेव्हा त्याने जे केलं, ते त्याच्या बायकोनेही कधी पाहिलं नव्हतं. त्याने ताईचा तो हात मनगटाशी धरला, वर उचलला आणि म्हणाला, "किल्ली मी फिरवली होती, ताई. तू आली नाहीस तर मी इथेच, या रस्त्यावर बसेन. मग काढ समजूत."

ताई बसली. रागाने लालबुंद होऊन, पण बसली. त्याने पुस्तक मांडीवर घेतलं, त्या पानात बोट खुपसून. ताईचा हात तो खांद्याच्या वर धरून ठेवत होता, आणि ताई तो दर वळणाला खाली ओढत होती.

"ब्रेडवाले, याला एक पाव द्या," ती मला म्हणाली. "तोंडचं पाणी पळालंय त्याच्या."

मी हसलो. त्याच्याकडे बघितलं आणि हसू तोंडातच राहिलं. तो घड्याळाकडे पाहत होता. "वीस मिनिटं झाली," म्हणाला. थोड्या वेळाने, "सत्तावीस." जणू कुणी दोरी सोडतंय आणि हा तिची लांबी मोजतोय.

जवळच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रविवार असूनही बाहेर बाकं भरलेली. चष्मेवाल्याने सगळ्यांपुढे हात जोडले आणि ताईला थेट आत नेलं. मी अर्ध्या दाराशी उभा राहिलो.

"कुठे लागलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ताईने बोट पुढे केलं. त्यांनी ते दाबलं, उलटसुलट पाहिलं. "हे?"

"हेच," ताई म्हणाली. "मीही तेच म्हणते."

डॉक्टरीणबाईंनी कापसाने पुसून घेतलं. "धनुर्वाताचं इंजेक्शन देते. गोळ्या लिहून देते. सूज आली तर उद्या दाखवा."

ताई उठली. "झालं समाधान?"

चष्मेवाला उठला नाही.  त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं, उघडलं आणि लाल चौकटीवर बोट ठेवलं.

"मॅडम, माझं चुकत असेल," तो म्हणाला. "बहुतेक चुकतच असेल. मी कशालाही घाबरतो, कुणालाही विचारा. पण तुम्ही एक फोन करा. हाताची ऑपरेशनं करणारे जे कुणी मोठे डॉक्टर असतील, त्यांना. ते काही नाही म्हणाले, तर मी तुमची माफी मागून निघून जातो."

"बाहेर चौदा पेशंट आहेत."

"मला दिसतायत."

"मग?"

"फोन होईपर्यंत मी उठणार नाही," तो म्हणाला. हे म्हणताना त्याने डोळे मिटून घेतले होते. फटका बसणार हे ठाऊक असलेला माणूस मिटतो तसे.

"लाज आणलीस," ताई पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी चौकट वाचली. पुन्हा एकदा ते बोट हातात घेतलं, या वेळी हळू. "इथे स्पर्श कळतोय?"

ताईने बोटाकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "मघाशी कळत होता."

 डॉक्टरीणबाईंनी फोन लावला. "सर, डिझेल... डावी तर्जनी... हो, इंजेक्टरमधूनच... दुखत नाही... नाही सर, अजून काही दिलेलं नाही." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. फोन ठेवून त्यांनी ताईला विचारलं नाही, चष्मेवाल्याला विचारलं.

"सकाळपासून यांनी काही खाल्लंय?"

प्रश्न तसा साधा, पण ऑपरेशनच्या आधी विचारतात तो प्रश्न होता तो.

मोठं रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी गाडी कशी हाकली ते मला आठवत नाही.  ताईचं बोट आता टम्म फुगत होतं, आणि तिने हात आपणहून वर धरला होता.

तिथले सर्जन म्हातारे, सडपातळ आणि घाईत होते. त्यांनी बोट पाहिलं आणि पहिला प्रश्न हाच विचारला, "किती वेळ झाला?"

"एक तास पंचवीस मिनिटं," चष्मेवाला म्हणाला.

"चांगलं केलंत. लोक दोन दिवसांनी येतात, बोट काळं पडल्यावर. डिझेल आत पसरत जातं आणि मांस मारत जातं. वरून काही दिसत नाही."

संमतीचा कागद आला. ताईचा चष्मा घरीच राहिला होता, म्हणून कागद त्यालाच वाचावा लागला. तो वाचत गेला आणि एका ओळीपाशी अडखळला. मग वाचलं, "गरज पडल्यास बोट काढावं लागेल."

"परत वाच," ताई म्हणाली.

त्याने परत वाचलं.

ताईने पेन घेतलं आणि सही केली. उजव्या हाताने, नेहमीसारखी ठसठशीत. मग त्याच हाताने तिने त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली. नर्सने स्ट्रेचर आणलं तरी ती सोडेना. शेवटी नर्सनेच एकेक बोट उलगडलं.

तीन तास आम्ही बाकावर बसलो. त्याची बायकोही तोवर येऊन पोचली होती. त्याने पाणी प्यायलं नाही. मध्येच मला म्हणाला, "ती 'थांब' म्हणाली, तेव्हा मी लगेच सोडली का हो किल्ली?" मी तिथे नव्हतोच, मी काय सांगणार? तरी म्हणालो, "लगेच." दहा मिनिटांनी त्याने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. असं चार वेळा झालं. त्याची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. 

सर्जन बाहेर आले तेव्हा खिडकीतलं ऊन कललं होतं. बोट टोकापासून तळव्यापर्यंत उघडून धुवावं लागलं होतं. डिझेल तळव्यात शिरलेलं सापडलं. दोन दिवसांनी पुन्हा धुवायचं होतं. "बोट राहील, असं वाटतंय," ते म्हणाले. "संध्याकाळी आला असतात तर हे म्हणालो नसतो."

चष्मेवाला उभा होता, तो खालीच बसला. फरशीवर. आम्ही दोघांनी धरून उठवला.

बोट राहिलं. वरचं पेर वाकत नाही आणि थंडीत ते दुखतं, पण आहे. ताई अकरा दिवसांनी घरी आली आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, "मीच म्हटलं याला, चल दवाखान्यात. डिझेलशी खेळ नको." चष्मेवाला बाजूला बसून मान डोलवायचा. एकदा मी तोंड उघडणार होतो, तर त्याने डोळ्यांनी दटावलं.

व्हॅन मात्र तशीच पडून होती. बॉनेटवर चादर टाकलेली. तो तिच्याकडे न बघता बाजूने जायचा. वस्त्यांवरून निरोप येत होते. एका म्हाताऱ्याने कळवलं, चष्मा नाही तर काठी तरी पाठवा, धडपडतोय. बायको दोनदा म्हणाली, गॅरेजवाल्यालाच बोलवा आता. तो हो म्हणाला आणि बोलावलं मात्र नाही.

ताई घरी आल्याला आठवडा झाला. एका सकाळी त्याने ती चादर काढली. ताईची खुर्ची अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली आणि बजावलं, "इथून उठलीस, तर मी पाना खाली ठेवीन."

"बघा, कोण बोलतंय," ताई म्हणाली. पण उठली नाही.

त्याने नव्या तांब्याच्या चकत्या बसवल्या, एकेक, भिंग लावून. इंजेक्टर हाताने फिरवून लावले, मग पान्याने आवळले. फवारा पाहायचा प्रश्नच नव्हता. नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल ठेवले, हवा निघून जायला. त्यांवर जाड फडकी टाकली, वर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घातलं. मग किल्लीपाशी जाऊन बसला.

मी फाटकाशी उभा होतो. तो नुसता बसून राहिला. किल्लीला हात लावायचा आणि काढायचा. कपाळावरून घाम गळत होता. ताईला ते दिसत नसणार, पण कळलं असावं.

"सशा," ती म्हणाली, नेहमीपेक्षा हळू, "माझे दोन्ही हात मांडीवर आहेत. बघ हवं तर."

त्याने काचेतून पाहिलं. ते हात मांडीवर होते, एक पट्टीतला, एक मोकळा. मग त्याने किल्ली फिरवली.

सैल नटांतून हवा बुडबुडत निघाली, मग फडकी डिझेलने भिजली. तो उतरला, नट आवळले, पुन्हा बसला. दुसऱ्यांदा फिरवल्यावर इंजिन खोकललं, एकदा मोठ्याने धडधडलं आणि सुरू झालं. त्याने दचकून लगेच बंद करून टाकलं.

"अरे, चालू झालं होतं!" मी ओरडलो.

"म्हणूनच बंद केलं," तो म्हणाला.

तिसऱ्यांदा चालू ठेवलं. गळती शोधायला त्याने हात नाही, पुठ्ठ्याचा तुकडा नळ्यांवरून फिरवला. पुठ्ठा कोरडा राहिला. पांढरा धूर विरळ होत गेला आणि आवाज एका लयीत बसला.

दुसऱ्या दिवशी तो त्रेचाळीस चष्मे घेऊन निघाला. चाळीस मिनिटांच्या रस्त्याला त्याने दोन तास लावले. दर पाच-सहा मैलांवर थांबायचा, बॉनेट उघडायचा, पुठ्ठा फिरवायचा आणि पुन्हा निघायचा. वस्तीवर सगळ्यात पुढे तो म्हातारा उभा होता. "वाट पाहून डोळे गेले असते," तो म्हणाला, "पण ते आधीच गेले होते."

दिवस मावळायच्या आत व्हॅन परत दारात आली. ताई दारातच होती.

"चढावर ओढते का?"

"ओढते."

"चौथा वाजतो का?"

"नाही वाजत."

"मग एवढा उशीर का केलास? माझा जीव टांगणीला लागला होता," ताई म्हणाली, आणि पट्टीचा हात तसाच वर धरून, दुसऱ्या हाताने त्याच्यासाठी फाटक उघडू लागली.